आधी दात, मग हाड : कवळीला इम्प्लांटचा आधार देताना डिजिटल आखणी कशी करावी

आमच्याकडे कवळीवाले पेशंट दोन प्रकारे येतात. काही जण कवळी घालून येतात, बरेचसे ती रुमालात बांधून खिशातून आणतात. खिशातून आणणाऱ्यांची तक्रार बहुतेक वेळा खालच्या कवळीची असते. बोलताना उचलते, जेवताना सरकते, खाली भाकरीचा कण गेला की हिरडी सोलवटते. मग ती लग्नकार्यापुरती तोंडात जाते आणि घरी जेवायला बसताना ताटाशेजारी काढून ठेवली जाते. रावेरकडच्या एका केळीवाल्या आजोबांनी पहिल्याच भेटीत मला सांगितलं, "डॉक्टर, माले भाकर खानी शे." त्यापलीकडे त्यांना काही नको होतं.

खालची कवळी त्रास देते याला कारण आहे. वरच्या कवळीला टाळूचा रुंद आधार मिळतो. खालच्या कवळीला मिळते ती घोड्याच्या नालेसारखी अरुंद पट्टी, आणि मधे जीभ सतत हलत असते. दात जाऊन वर्षं लोटली की हाडही झिजत जातं. स्वीडनमध्ये संशोधक ब्रोनेमार्क यांनी १९६५ मध्ये पहिल्या पेशंटच्या जबड्यात टायटॅनियमचे इम्प्लांट (हाडात बसवायचे स्क्रू) बसवले, तोही दात नसलेलाच माणूस होता. पुढे २००२ मध्ये कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी एकमताने सांगितलं की, खालच्या पूर्ण दंतहीन जबड्यासाठी दोन इम्प्लांटवर बसणारी कवळी हा पहिला पर्याय असावा. आपल्याकडे खर्चामुळे तो बहुतेकांच्या बाबतीत दुसरा किंवा तिसरा पर्याय ठरतो, पण ज्यांना परवडतो त्यांचं जेवण खरोखर बदलतं.

नुकतीच डिग्री घेऊन चोपडा, शिरपूर, शहादा, पाचोरा अशा ठिकाणी दवाखाना टाकलेल्या, स्वतःकडे सीबीसीटी (जबड्याचा त्रिमितीय एक्स-रे) किंवा स्कॅनर नसलेल्या डॉक्टरांसाठी हे लिहितो आहे. मशीन आपलं नसलं तरी आखणी आपलीच असली पाहिजे. सुरुवातीला मी मुद्दाम एकच केस घेतली आहे : खालचा जबडा पूर्ण दंतहीन, पुढे दोन इम्प्लांट, त्यावर काढता-घालता येणारी कवळी. पहिल्या केसेस अशाच निवडा. पूर्ण फिक्स दात आणि तिरके इम्प्लांट नंतर.

पहिली भेट : तोंड बघण्याआधी विचारायच्या गोष्टी

शुगर, बीपी, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या हे तुम्ही विचारालच. एचबीएवनसी (गेल्या काही महिन्यांची सरासरी साखर) तीन महिन्यांच्या आतला हवा. बोटाला सुई टोचून त्या दिवशीची साखर बघणं पुरेसं नाही. हाडं ठिसूळ झाल्याच्या गोळ्या किंवा वर्षातून एकदा घ्यायचं इंजेक्शन चालू आहे का, हे वेगळं विचारा. आज्या ते "कॅल्शियमचं इंजेक्शन" म्हणून सांगतात. प्रत्यक्षात ते बिस्फॉस्फोनेट असू शकतं, आणि मग जबड्याचं हाड न भरण्याचा धोका असतो. कॅन्सरसाठी अशी औषधं घेणाऱ्या पेशंटला तर हातच लावू नका, आधी त्यांच्या डॉक्टरांशी बोला. नंदुरबार आणि धुळ्याच्या सातपुड्याकडच्या भागातून आलेल्या आदिवासी पेशंटला सिकलसेलबद्दल विचारायचंच. तपासणी झालेली असेल तर घरात कार्ड असतं, ते मागवून घ्या.

मग तंबाखू. पुरुषांना विचारलं की ते सांगतात. बायका मशेरीला तंबाखू समजत नाहीत, म्हणून "मशेरी लावता का, दिवसातून किती वेळा?" असंच विचारावं लागतं. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी त्याने आखडलेली तोंडं रोज समोर येतात. डिजिटल आखणीत या आखडलेल्या तोंडाचं महत्त्व नवीन डॉक्टरांच्या लक्षात येत नाही. गाइडमधून (ड्रिल ठरलेल्या जागी, ठरलेल्या दिशेने नेणारा, तोंडात बसवायचा छापील साचा) वापरायचे ड्रिल नेहमीच्या ड्रिलपेक्षा लांब असतात, कारण त्यांना गाइडची जाडी ओलांडून हाडात उतरायचं असतं. संगणकावर सगळं सुंदर बसतं आणि ऑपरेशनच्या दिवशी हँडपीस (ड्रिल फिरवणारं हातातलं यंत्र) तोंडात शिरत नाही. म्हणून पहिल्याच भेटीत किटमधला सगळ्यात लांब ड्रिल हँडपीसला लावा, जिथे इम्प्लांट येणार तिथे हिरडीवर हलकेच उभा करून बघा. दोन मिनिटांचं काम आहे. बसत नसेल तर या पेशंटला पूर्ण गाइड (सगळे ड्रिल त्यातूनच) नको, हे तिथेच ठरतं. आणि तोंडात पांढरा चट्टा, न भरणारी जखम दिसली तर इम्प्लांटचा विषय थांबवून आधी त्याची तपासणी.

पेशंटचे हातही बघा. आयुष्यभर निंदणी-खुरपणी केलेल्या, सांधे आखडलेल्या बोटांनी घट्ट बसलेली कवळी काढता येईल का? नसेल तर कमी पकडीचं अटॅचमेंट (इम्प्लांटवरचं बटण आणि कवळीतली रबर असलेली टोपी यांची जोडणी) निवडायचं असतं. कवळी घरी सून किंवा मुलगी काढून देईल का, हेही विचारून ठेवा. पेशंट लांबच्या धडगावहून येतोय की गावातूनच, याचाही आखणीत विचार होतो, कारण या दातांची देखभाल दर वर्षी लागते.

कवळी आधी लावा

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. सीबीसीटी काढण्याआधी दात कुठे येणार ते ठरलेलं असलं पाहिजे.

नवीन माणूस उलटं करतो. मीही केलं. स्कॅन काढायचा, हाड जिथे जाड दिसतंय तिथे इम्प्लांट टाकायचे आणि मग त्यावर कवळी बसवायला निघायचं. तेव्हा कळतं की इम्प्लांट दाताच्या पुढे आलाय, ओठाखाली अटॅचमेंटचा फुगवटा येतोय, किंवा वर इतकी कमी जागा उरली आहे की कवळी तिथे पातळ होऊन तडकते. हाडात इम्प्लांट पक्का जडलेला असतो आणि तरी तो निरुपयोगी असतो. असं पाहिलं की फार वाईट वाटतं, कारण चूक पेशंटच्या तोंडात कायमची राहते.

म्हणून आधी नेहमीच्या पद्धतीने नवीन कवळी करायला घ्या. माप, मॉडेल, मेणाची रिम, बाइट (वरचा-खालचा जबडा कसा मिळतो त्याचा ठसा), मेणात दात लावून ट्रायल. उंची, ओठांचा आधार, उच्चार बघा. ट्रायलला घरचं माणूस बरोबर बोलवा. आमच्याकडे शेवटचा शब्द सहसा मुलीचा किंवा सुनेचा असतो, तो स्कॅननंतर येण्यापेक्षा आधी आलेला बरा. ट्रायल पसंत पडली की तिचीच पारदर्शक किंवा साधी अॅक्रिलिकची प्रत लॅबकडून करून घ्या.

जुनी कवळी चांगली असेल तर तीच वापरता येते. पण "चांगली" म्हणजे काय ते नीट तपासा. दहा वर्षं वापरलेल्या कवळीचे दात झिजलेले असतात, उंची कमी झालेली असते, हनुवटी नाकाकडे गेलेली असते. त्या कवळीवरून आखणी केली तर ती चुकीची उंची नवीन दातांतही येते. कवळी सैल असेल तर आधी रिलाइन करा (आतून नवा थर द्या). आत धातूची जाळी असेल तर ती कवळी स्कॅनसाठी बाद, कारण धातूमुळे चित्रात रेघा उठतात.

जागा मोजा

इम्प्लांटच्या माथ्यापासून दाताच्या वरच्या कडेपर्यंत उभी जागा किती आहे, यावरून कोणते दात देता येतील ते ठरतं. लोकेटरसारख्या बुटक्या अटॅचमेंटला साधारण साडेआठ ते नऊ मिमी लागतात. दोन इम्प्लांट जोडणारा बार घालायचा तर १२ मिमीच्या पुढे. अॅक्रिलिकचे फिक्स दात द्यायचे तर १५ मिमीच्या आसपास. इथे गंमत अशी की हाड जितकं जास्त शिल्लक, तितकी दातांना जागा कमी. नुकतेच दात काढलेल्या पेशंटचं हाड बघून आपण खूश होतो आणि त्याच्याच कवळीला जागा पुरत नाही. अशा वेळी हाड थोडं सपाट करावं लागतं, आणि किती करायचं ते आखणीतच ठरवावं लागतं.

दुहेरी स्कॅन

सीबीसीटीत अॅक्रिलिक अंधुक दिसतं, हिरडीपासून वेगळं काढता येत नाही. म्हणून दोन स्कॅन घ्यायचे. एक पेशंटने कवळी घातलेली असताना, दुसरा एकट्या कवळीचा. दोन्हींत सारख्या दिसणाऱ्या खुणा असल्या की सॉफ्टवेअर एकावर दुसरा बसवतं आणि मग हाडावर दात तरंगताना दिसतात.

खुणांसाठी गटापर्चा (रूट कॅनाल भरायचा, एक्स-रेत दिसणारा पदार्थ) वापरा, तो प्रत्येक दवाखान्यात असतोच. कवळीच्या बाहेरच्या आणि आतल्या भिंतीवर राउंड बरने साधारण दीड मिमी व्यासाचे, एक मिमी खोल खड्डे करा. सहा ते आठ पुरतात. सगळे एका रेषेत घेऊ नका. काही पुढे, काही मागे, काही वर, काही खाली असे विखरा, नाही तर सॉफ्टवेअरला कवळीचा कल कळत नाही. खड्ड्यात गटापर्चा भरून पृष्ठभागाशी सपाट करा. जिथे इम्प्लांट येण्याची शक्यता आहे त्याच उंचीवर खूण ठेवू नका.

मग बाइट. पेशंटने वर-खाली दोन्ही कवळ्या घालून दाबून चावलेलं असताना सिलिकॉनचं बाइट घ्या. ते एक्स-रेत दिसू नये अशा प्रकारचं हवं. स्कॅनच्या वेळी कवळी हिरडीवर घट्ट बसवून धरायचं काम हे बाइटच करतं. ऑपरेशनच्या दिवशी गाइड बसवायलाही तसंच बाइट लागणार आहे.

सीबीसीटी सेंटर जळगाव, भुसावळ, धुळे अशा ठिकाणी. पेशंट एसटीने जाणार, दुपारी उन्हात पोचणार आणि तंत्रज्ञ त्याला नेहमीच्या सवयीने "तोंडातलं सगळं काढा" म्हणणार. कवळी काढली की सगळं मुसळ केरात. म्हणून पेशंटच्या हातात मराठीत चिठ्ठी द्या आणि सेंटरला आधी फोन करा. माझ्या चिठ्ठीत साधारण असं असतं :

"पेशंटची खालची-वरची कवळी व बाइट तोंडात ठेवूनच पहिला स्कॅन घ्यावा. बाइटवर घट्ट चावायला सांगावे. ओठ व गाल हिरडीपासून सुटे राहतील असा कापसाचा बोळा ठेवावा, पण कवळी हलता कामा नये. खालच्या जबड्याची कड पूर्ण दिसावी. दुसरा स्कॅन फक्त खालच्या कवळीचा, स्पंजवर ठेवून, तोंडात होती त्याच दिशेने. दोन्ही स्कॅनच्या डायकॉम फाइल पेन ड्राइव्हवर द्याव्यात. फिल्म किंवा प्रिंट नको."

शेवटचं वाक्य अधोरेखित करा. छापील फिल्मवरून आखणी होत नाही. डायकॉमच्या, म्हणजे स्कॅनच्या मूळ, फाइल शेकडो एमबीच्या असतात. व्हॉट्सअॅपवर आलेला स्क्रीनशॉट म्हणजे स्कॅन नव्हे.

हात-मान थरथरणाऱ्या पेशंटबद्दल सेंटरला आधीच सांगा. स्कॅनच्या दहा-वीस सेकंदांत हनुवटी हलली तर चित्रात कडा दुहेरी दिसतात आणि त्या चित्रावर मिमीची गणितं करण्यात अर्थ नसतो.

स्कॅन हातात आला की सगळ्यात आधी

इम्प्लांट टाकण्याची घाई करू नका. आधी कवळी आणि हिरडी यांच्यामध्ये काळी रेघ दिसते का ते बघा. काळी रेघ म्हणजे हवा. हवा म्हणजे कवळी बसलेली नव्हती.

माझ्या सुरुवातीच्या एका केसमध्ये उजवीकडे मागे अशी रेघ होती, साधारण दोन मिमीची. मला ती दिसली. पेशंट लांबून आलेले होते, पुन्हा पाठवायला जीव होईना, आणि इम्प्लांट तर पुढे टाकायचे आहेत असं म्हणून मी पुढे गेलो. गाइड त्याच स्कॅनवरून तयार झालं. ऑपरेशनला ते हिरडीवर डुगडुगत होतं. मी ते बाजूला ठेवलं, हिरडी उघडली आणि हाड डोळ्यांनी बघून काम केलं, म्हणून निभावलं. त्या पेशंटचे गाइडचे पैसे मी घेतले नाहीत. तेव्हापासून काळी रेघ दिसली की स्कॅन पुन्हा. पेशंटला नीट समजावून सांगितलं तर तो जातो.

सॉफ्टवेअरमध्ये बसल्यावर

सॉफ्टवेअर बरीच आहेत. ब्लू स्काय प्लॅन मोफत उतरवून शिकता येतं, आखणी करता येते, गाइडची फाइल बाहेर काढताना पैसे पडतात. एक्झोप्लॅन, कोडायग्नोस्टिक्स, इम्प्लांट स्टुडिओ ही लॅबमध्ये जास्त दिसतात. लॅब आखणी करून देत असेल तरी स्वतः एक सॉफ्टवेअर शिका. लॅबचा मुलगा हुशार असतो, पण त्याने पेशंटचं तोंड पाहिलेलं नसतं. आणि ड्रिल तुमच्या हातात असणार आहे.

कामाचा क्रम साधारण असा ठेवा. आधी जबड्याच्या कमानीवर वक्ररेषा आखा. मग दोन्ही बाजूंची नस रंगवा. मेंटल फोरामेनपाशी (हनुवटीच्या बाजूला हाडातलं भोक) नस बाहेर पडण्याआधी कधी कधी पुढे वळसा घेऊन मागे येते. तो वळसा शोधा, आणि त्याच्या सगळ्यात पुढच्या टोकापासून दोन मिमी तरी सोडा. हे चुकलं तर पेशंटचा खालचा ओठ बधिर राहतो आणि चहा पिताना ओघळ हनुवटीवर आला तरी त्याला कळत नाही.

मग खुणा जुळवून कवळी हाडावर बसवा. जुळणी सॉफ्टवेअरने केली तरी स्कॅनचे तीन-चार काप उघडून कवळीची कड हिरडीला नीट टेकते का ते स्वतः बघा.

आता इम्प्लांट. दोन इम्प्लांट असतील तर मी ते सुळ्याच्या जागी किंवा किंचित पुढे, मध्यरेषेपासून दोन्हीकडे सारख्या अंतरावर ठेवतो. फार मागे नेले तर पुढच्या दातांनी चावताना कवळी मागून उचलते. फार जवळ आणले तर आधार अपुरा पडतो. दोघांची दिशा समांतर हवी, म्हणजे अटॅचमेंटची रबरं लवकर झिजत नाहीत. इम्प्लांटच्या मध्यातून वर काढलेली रेघ कवळीच्या जाड भागातून निघाली पाहिजे, ओठाकडच्या भिंतीतून नको. दात लावून स्कॅन काढला म्हणूनच हे दिसतं.

इम्प्लांटच्या भोवती सगळीकडून दीड मिमी हाड राहील इतका व्यास घ्या. माथ्यावर हाड सुरीच्या धारेसारखं असेल तर धार घासून सपाट केल्यावर किती रुंदी मिळते ते कापात मोजा. जिभेच्या बाजूला खालच्या जबड्याला आत वळलेली खोबण असते, ती प्रत्येक कापात तपासा. तिथून ड्रिल बाहेर गेला तर जिभेखालची रक्तवाहिनी कापली जाऊ शकते. रक्त बाहेर न येता आत साचतं, जीभ वर-मागे ढकलली जाते आणि श्वासमार्ग बंद होण्यापर्यंत वेळ येते. तालुक्याच्या गावी, जवळ मोठं हॉस्पिटल नसताना, याची भीती बाळगणं हेच शहाणपण. मी तिथे लहान लांबीचा इम्प्लांट पसंत करतो. दोन मिमी जास्त लांबीने कवळी काही जास्त घट्ट बसत नाही.

एक सावधगिरी. सीबीसीटीत दिसणाऱ्या घनतेच्या आकड्यांवर फार विसंबू नका. मेडिकल सीटीतले हाउन्सफील्ड आकडे आणि हे आकडे एक नव्हेत, मशीन बदललं की बदलतात. हाड कडक की मऊ हे पहिला ड्रिल आत जाताना हाताला कळतं.

वरच्या जबड्याचं गणित वेगळं आहे. तिथे हाड मऊ, वर सायनस, आणि कवळीला टाळू कमी करायचा तर किमान चार इम्प्लांट. पहिल्या वर्षात ते कोणा अनुभवी सहकाऱ्याबरोबर करा.

गाइड : कोणतं, किती, आणि मे महिन्याचं ऊन

गाइड किती अचूक असतं, याबद्दल विक्रेत्यांचं बोलणं ऐकून भलता समज होतो. आखलेली आणि प्रत्यक्ष जागा यांत सरासरी एक मिमीच्या आसपास फरक माथ्याशी पडतो, टोकाशी तो दीड मिमीच्या जवळ जातो, कोनात तीन-चार अंश. ही सरासरी आहे. एखाद्या केसमध्ये फरक याहून बराच मोठा असतो. आणि हिरडीवर बसणारं गाइड दातांवर बसणाऱ्यापेक्षा कमी स्थिर, कारण हिरडी दबते. नसेपासून दोन मिमी सोडायचे ते यासाठीच.

नवशिक्यांसाठी माझं मत स्पष्ट आहे : फक्त पहिल्या ड्रिलचं गाइड घ्या. दोन मिमीचा पहिला ड्रिल गाइडमधून, जागा आणि दिशा ठरली की गाइड काढून पुढचं काम उघड्या हाडावर, डोळ्यासमोर. सगळे ड्रिल गाइडमधून नेणाऱ्या किटची किंमत मोठी असते आणि हाताला शिकवण मिळत नाही.

हिरडी न कापता, भोक पाडून इम्प्लांट टाकण्याचा मोहही आवरा. तिथे टणक गुलाबी हिरडीची पट्टी रुंद असेल आणि हाडही रुंद असेल तरच ते ठीक. आपल्या बहुतेक पेशंटची ही पट्टी आधीच अरुंद झालेली असते. भोक पाडून आहे तीही गमावण्यात अर्थ नाही. हिरडी उघडायची असेल तर गाइडची बनावट तशी सांगावी लागते, नाही तर उचललेली हिरडी मधे येते.

लॅबला पाठवताना एवढं नक्की लिहा : इम्प्लांटची कंपनी आणि प्रकार, तुमच्याकडच्या ड्रिलचा व्यास आणि लांबी, स्लीव्ह (ड्रिल जाण्यासाठी गाइडमध्ये बसवलेली नळी) कोणता, गाइड पक्कं धरायला तीन पिना आणि त्यांच्या जागा, बाइटची जागा. ड्रिल एका कंपनीचा आणि स्लीव्ह दुसऱ्याचा असला तर तो एक तर जात नाही किंवा आत खेळतो.

छापून आलेलं गाइड मॉडेलवर बसवून बघा. डुगडुगतंय का, गाइडला ठेवलेल्या खिडकीतून ते नीट टेकलेलं दिसतं का, स्लीव्ह पक्का आहे का. ते अल्कोहोलने धुऊन प्रकाशात नीट कडक केलेलं असलं पाहिजे. चिकट लागत असेल तर परत पाठवा. आणि आपल्या भागासाठी खास सांगतो : एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या पुढे जातो. पार्सल उन्हात पडून राहिलं किंवा बंद गाडीच्या काचेमागे राहिलं तर रेझिनचं गाइड वाकू शकतं. एवढंसं वाकलेलं डोळ्याला दिसत नाही, मॉडेलवर बसवल्यावर मात्र कळतं. म्हणून मॉडेल सांभाळून ठेवा, टाकू नका. निर्जंतुक कसं करायचं ते त्या रेझिनच्या सूचनेप्रमाणेच. काही रेझिन ऑटोक्लेव्हची गरम वाफ सहन करतात, काही नाही.

ऑपरेशनचा दिवस

सकाळची वेळ ठेवा, वीज जाण्याची शक्यता असेल तर इन्व्हर्टर आधी तपासा.

बधिरीचं इंजेक्शन दिल्यावर हिरडी फुगते आणि गाइड बसत नाही. म्हणून गाइड बसण्याच्या जागी औषध कमी, ब्लॉक (लांब, नसेपाशी दिलेलं इंजेक्शन) जास्त, आणि दिल्यावर थोडा वेळ थांबा. मग गाइड आणि बाइट, पेशंटला घट्ट चावायला सांगायचं आणि चावलेलं असतानाच पिना मारायच्या. बाइट काढल्यावर गाइड हलता कामा नये.

गाइडमुळे ड्रिलपर्यंत पाणी पोचत नाही, ही याची मोठी अडचण. हाड ४७ अंशांवर एक मिनिटभर राहिलं तरी त्याला इजा होते. खालच्या जबड्याचं पुढचं हाड कडक, म्हणून तिथे उष्णता जास्त. थंड सलाइन वापरा, ड्रिल वर-खाली पंपासारखा चालवा, प्रत्येक वेळी बाहेर काढून आतला भुगा धुऊन टाका. धार गेलेला ड्रिल बदला.

पहिला ड्रिल झाल्यावर दिशादर्शक पिन घालून एक साधा एक्स-रे काढा. आखणीशी जुळत नसेल तर तिथेच थांबून सुधारता येतं. गाइड बसत नसेल तर ओढून-ताणून बसवू नका, ते बाजूला ठेवा. जुन्या पद्धतीने करायची तयारी नसेल तर केस त्या दिवशी पुढे ढकला. पेशंट नाराज होईल, पण ओठ बधिर झालेला पेशंट जास्त नाराज असतो.

इम्प्लांट ३५ न्यूटन सेंटिमीटरच्या घट्टपणाने बसला तर लगेच दात जोडता येतात, असं शिकवतात. पहिल्या केसेसमध्ये मी लगेच जोडत नाही. कवळी इम्प्लांटच्या जागी आतून मोकळी करून मऊ अस्तर भरतो आणि दोन-तीन महिने थांबतो. या काळात मऊ जेवण : खिचडी, वरण-भात, दुधात भिजवलेली भाकरी. कळण्याची भाकरी आणि भाजलेल्या शेंगा नंतर.

अटॅचमेंट बसवताना

हिरडीच्या जाडीइतकी उंची असलेलं अटॅचमेंट निवडा, ते हिरडीच्या किंचित वर दिसलं पाहिजे. कवळीच्या आत त्याच्या टोपीला जागा करा, पेशंटने हलक्या हाताने चावलेलं असताना अॅक्रिलिकने टोपी कवळीत पकडून घ्या. टोपीखालच्या खाचा आधी बंद करायला विसरू नका. अॅक्रिलिक खाली शिरून घट्ट झालं तर कवळी तोंडातच अडकते आणि मग ती कापून काढावी लागते. सुरुवातीला सगळ्यात सैल रबर घाला. पेशंटला काढता-घालता यायला लागलं की पुढचं.

त्या केळीवाल्या आजोबांना कवळी काढायला शिकवायला मला तीन भेटी लागल्या. दोन्ही अंगठ्यांनी, दोन्ही बाजू एकदम. एका बाजूने उचकटली की रबर फाटतं.

खर्च आणि देखभाल

खर्च सुरुवातीलाच तुकड्या-तुकड्याने सांगा : कवळी, स्कॅन, गाइड, इम्प्लांट, अटॅचमेंट, आणि दर वर्षीची रबरं. केळी किंवा कापूस विकला गेल्यावर पैसे येतात, त्या हिशेबाने टप्पे पाडून दिले तर पेशंट अर्ध्यावर सोडत नाही. गाइडची गरज नसलेल्या केसला गाइड विकू नका. हाड रुंद आहे, नस लांब आहे, हिरडी उघडून काम करायची सवय आहे, तिथे दात लावून काढलेला स्कॅन आणि मॉडेलवर केलेला साधा अॅक्रिलिकचा साचा पुरतो. आखणी मात्र प्रत्येक केसमध्ये करा.

घरी रोज रात्री कवळी काढून पाण्यात, आणि तोंडातल्या दोन्ही बटणांभोवती मऊ ब्रश. मशेरी तिथे घासली तर बटणाभोवतीची हिरडी सुजते, हे बायकांना आरशात दाखवून सांगा. सहा महिन्यांनी एकदा बोलवा. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, तेव्हा आईला घेऊन या असं लेकीलाच सांगून ठेवलं तर भेट चुकत नाही.

दोन्ही स्कॅन, गाइडची फाइल आणि अंतिम कवळीचा स्कॅन दोन ठिकाणी जपून ठेवा. कवळी पडून फुटली तर त्याच फाइलवरून लॅब नवीन करू शकते. आणि पेशंटला एक कार्ड द्या : इम्प्लांटची कंपनी, प्रकार, व्यास, लांबी, लॉट नंबर, अटॅचमेंटचं नाव आणि रबराचा रंग. आपल्या भागातली कितीतरी मुलं सुरतेला आणि पुण्याला कामाला आहेत, म्हातारे आई-वडील पुढेमागे त्यांच्याकडे राहायला जातात. तिथल्या डॉक्टरला रबर बदलायचं असेल तर हे कार्डच लागणार आहे. ते प्लास्टिकमध्ये घालून आधार कार्डाबरोबर ठेवायला सांगा.